जुनं मॉडेल की नवं? गेमिंग लॅपटॉपच्या स्टिकरवर न लिहिलेल्या गोष्टी

रात्री पावणेअकराला अकोल्याहून ताईच्या व्हॉट्सॲपवरून दोन फोटो आले. दोन्हींत काळाभोर लॅपटॉप, कीबोर्डखाली रंगीत दिवे आणि कोपऱ्यात किमतीची चिठ्ठी. पाठोपाठ भाच्याचा आवाज: "मावशी, पहिला गेल्या वर्षीचा आहे, ४०६०वाला. दुसरा नवा, ५०५०वाला. दुकानदार म्हणतो नवाच घ्या, जुन्याला आता कोण विचारतंय. दोघांत दोन हजारांचा फरक आहे. कोणता घेऊ?" मागून ताई ओरडली, "अभ्यासाला चालेल ना, तेही विचार!"

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की असे फोटो मला दर आठवड्याला येतात. मी आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू बनवून देते. माझं पोट ज्या ग्राफिक्स चिपवर चालतं, तीच या लॅपटॉपमध्ये असते, म्हणून घरात मी ‘कॉम्प्युटरवाली मावशी’. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. पूर्वी नवं म्हणजे सरळसरळ वेगवान असायचं. आता तसं राहिलेलं नाही.

आत कोण काय करतं

गेम चालताना लॅपटॉपमध्ये दोन मोठी कामं होतात. प्रोसेसर हिशेब ठेवतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत पडली की नाही. ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, त्या हिशेबावरून चित्र काढते. एका सेकंदात जितकी चित्रं काढून होतात, त्याला एफपीएस म्हणतात. तीस म्हणजे कसंबसं, साठ म्हणजे छान, शंभराच्या पुढे म्हणजे लोण्यासारखं.

गेमिंग लॅपटॉपच्या किमतीत जीपीयूचा वाटा मोठा, म्हणून नावही तिचंच मिरवलं जातं. एनव्हिडिया कंपनीच्या चिपचं नाव वाचायला सोपं आहे. आरटीएक्स ४०६० यात पुढचे ४० म्हणजे पिढी आणि मागचे ६० म्हणजे त्या पिढीतली पायरी. ३०-मालिका लॅपटॉपमध्ये २०२१ साली आली, ४०-मालिका २०२३ साली, ५०-मालिका २०२५ साली. म्हणजे भाच्यापुढचा पेच असा: मागच्या पिढीतली वरची पायरी घ्यायची, की नव्या पिढीतली खालची? दुकानदार पहिले दोन आकडे दाखवतो. मी आधी शेवटचे दोन बघते.

तेवढंही पुरत नाही. आरटीएक्स २०५० नावाची चिप २०२१च्या डिसेंबरात जाहीर झाली. नाव २०-मालिकेचं, पण आतली घडण ३०-मालिकेची आणि मेमरी फक्त ४ जीबी. नावावरून ती कुठे बसवायची, हे अनुभवी माणसालाही पटकन सांगता येत नाही. दुसरं उदाहरण घरच्या पीसीचं. डेस्कटॉपच्या ४०७०मध्ये ५८८८ कोअर (चिपमधले एकाच वेळी राबणारे छोटे कामगार म्हणा) आणि १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०७०मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. आडनाव एक, घराणी वेगळी. त्यामुळे यूट्यूबवर कुणी ४०७० चालवून दाखवत असेल, तर आधी तो टॉवरवाला पीसी आहे की लॅपटॉप, ते बघा.

वॅटची गोष्ट, आणि माझी फजिती

२०२१ साली मी आयुष्यातला सगळ्यात महाग लॅपटॉप घेतला. पातळ, देखणा, आत ३०७०. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा असंच करणाऱ्या बऱ्याच होत्या. माझ्या मैत्रिणीने त्याच महिन्यात ३०६०चा जाडजूड, वीटच म्हणावी असा लॅपटॉप घेतला, तोही माझ्यापेक्षा बराच स्वस्त. एका संध्याकाळी आम्ही दोघींनी एकच बंगल्याचा सीन रेंडरला लावला. माझ्या आधी तिचा झाला. मी दुसऱ्यांदा लावला, पुन्हा तेच. माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावत होता आणि हा निकाल!

कारण स्टिकरवर लिहिलेलं नव्हतं. एकच जीपीयू किती वीज खाईल, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. या मर्यादेला टीजीपी म्हणतात आणि ती वॅटमध्ये मोजतात. एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ३०७०ला ८० ते १२५ वॅटची मोकळीक दिली होती. माझ्या पातळ लॅपटॉपला ८० वॅट मिळत होते, कारण त्याहून जास्त उष्णता बाहेर काढायला त्यात जागाच नव्हती. मैत्रिणीच्या ३०६०ला पूर्ण ११५.

गावाकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवली, पण वीज कमी दाबाने येते. शेजाऱ्याची मोटर तीन एचपीची, पण वीज पूर्ण दाबाची. पाणी कुणाच्या शेतात आधी पोचेल?

२०२१पर्यंत कमी विजेवर चालणाऱ्या चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असं शेपूट असायचं, निदान कळायचं तरी. मग ते शेपूट नावातून गेलं. ओरड झाल्यावर वॅटचा आकडा जाहीर करा असं कंपन्यांना सांगण्यात आलं, पण तो कुठे लिहायचा हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. वेबसाइटवर खूप खाली, बारीक अक्षरांत सापडतो. दुकानातल्या चिठ्ठीवर मी तो क्वचितच पाहिलाय.

४०-मालिकेत तर हा पट्टा आणखी रुंद झाला. लॅपटॉपच्या ४०६०ला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत परवानगी आहे. वर प्रोसेसर मोकळा असेल तेव्हा त्याच्या वाटची २५ वॅटपर्यंतची वीज जीपीयूकडे वळवता येते, म्हणून जाहिरातीत १४० दिसतात. ३५ वॅटचा ४०६० आणि १४० वॅटचा ४०६० एकाच नावाने, एकाच कपाटात शेजारी-शेजारी बसतात. मात्र १४० पाहून हुरळूनही जाऊ नका. या मालिकेत शंभराच्या पुढे वॅट वाढवले तरी वेग त्या मानाने वाढत नाही. ६० आणि १०० यांतला फरक जाणवतो, ११५ आणि १४० यांतला शोधावा लागतो.

नव्या पिढीत नवीन काय आहे?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण खरी गोम इथे आहे.

३०-मालिकेच्या चिपा सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीने बनत. ४०-मालिकेसाठी एनव्हिडिया तैवानच्या टीएसएमसीकडे गेली, तिथल्या कितीतरी पुढच्या पद्धतीकडे. चिपमधले भाग जितके बारीक, तितकी तेवढ्याच विजेत जास्त कामं. गाडीच्या भाषेत बोलायचं तर मायलेज एकदम वाढलं. लॅपटॉपमध्ये वीज आणि उष्णता हीच मुख्य अडचण असते, त्यामुळे ३०वरून ४०वर आलेली उडी खरी उडी होती. म्हणून कुणी ३०६० की ४०६० असं विचारलं, आणि किमतीत फार अंतर नसेल, तर मी डोळे मिटून ४०६० सांगते.

४०वरून ५०वर येताना कारखानाही तोच आणि पद्धतही जवळपास तीच राहिली. लॅपटॉपच्या ४०७०मध्ये ४६०८ कोअर, ५०७०मध्येही ४६०८. मेमरी दोन्हींत ८ जीबीच, फक्त नव्यात ती पुढच्या प्रकारची आणि वेगवान. खालच्या पायरीवर ४०५० आणि ५०५० दोन्हींत २५६० कोअर. पण इथे एक बदल कामाचा झाला: मेमरी ६ जीबीवरून ८ जीबी झाली. म्हणून ४०५० आणि ५०५० समोर असतील तर मी ५०५० घ्यायला सांगेन.

भाच्याचा पेच तिरका होता. त्याच्याकडे ४०६० होता, म्हणजे ३०७२ कोअर आणि ८ जीबी. समोर ५०५०, २५६० कोअर आणि ८ जीबी. दोघांना सारखेच वॅट मिळाले तर कच्च्या ताकदीत एकोणीस-वीसचा फरक, आणि वीस बहुधा जुना. म्हणजे इथे ‘नवा’ या शब्दाचं वजन जवळजवळ शून्य. निर्णय बाकीच्या गोष्टींवर.

कोअरच्या आकड्यांबद्दल एक ताकीद देऊन ठेवते. ते पिढीच्या आत किंवा ४० आणि ५० अशा सख्ख्या पिढ्यांत मोजावेत. ३०६०मध्ये ३८४० कोअर होते, ४०६०पेक्षा जास्त, तरी वेगात ४०६०च पुढे. बैलजोडी आणि ट्रॅक्टर यांची तुलना पायांच्या संख्येवर होत नाही.

‘पण एफपीएस दुप्पट-तिप्पट दाखवतात की!’

दाखवतात. आणि खोटं दाखवत नाहीत, हीच पंचाईत आहे.

२०२५च्या जानेवारीत लास वेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं नवं ५०७० कार्ड आधीच्या ४०९०ची कामगिरी देईल. ते डेस्कटॉपच्या कार्डाबद्दल बोलत होते. लोक थक्क झाले, कारण ४०९० तिप्पट-चौपट किमतीचं होतं. पण त्या दाव्याच्या पोटात एक युक्ती होती, तिचं नाव फ्रेम जनरेशन.

लहानपणी वहीच्या कोपऱ्यात पानापानावर पळणारा माणूस काढून वही फर्रकन सोडायचो, आठवतंय? समजा तुम्ही दहा पानं काढली आणि मधली पानं भावाने अंदाजाने भरली. पहिल्या पानावर पाय मागे, पुढच्यावर पुढे, मग मधल्या पानावर पाय मध्येच कुठेतरी असणार. वही सोडल्यावर माणूस मऊसूत पळतो, पण नवीन काहीच घडलेलं नसतं. फ्रेम जनरेशन हेच करतं. ४०-मालिकेत खऱ्या दोन चित्रांमध्ये एक अंदाजाचं चित्र भरलं जातं, ५०-मालिका आली तेव्हा तीनपर्यंत. म्हणजे चारातली तीन चित्रं भावाने काढलेली.

आता मधलं चित्र भरायचं तर पुढचं खरं चित्र आधी तयार हवं. म्हणून ते काही क्षण रोखून धरावं लागतं, आणि तुम्ही माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ थोडा वाढतो. मुळात साठ चित्रं निघत असतील तर हे जाणवत नाही आणि दृश्य खरंच सुंदर होतं. मी स्वतः निवांत, कथा असलेल्या गेममध्ये हे चालू ठेवते. पण मुळात पंचवीस-तीसच निघत असतील तर आकडा १०० दाखवला तरी हात चिखलात रुतल्यासारखा वाटतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये तर याचा उपयोगच नाही. तिथे डोळ्यांना मऊ दिसण्यापेक्षा बोटाला लगेच उत्तर मिळणं महत्त्वाचं. शिवाय अशा गेममध्ये बऱ्याचदा जीपीयू नाही, प्रोसेसर कमी पडतो.

म्हणून जाहिरातीतला तक्ता बघताना खाली ‘डीएलएसएस’ (एनव्हिडियाच्या अशा सगळ्या युक्त्यांचं एकत्र नाव) आणि ‘फ्रेम जनरेशन’ असे शब्द आहेत का, ते बघा. डीएलएसएसचा दुसरा भाग, म्हणजे लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं करणं, हा मात्र फार उपयोगी आहे. २०२५ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली ती सगळ्या आरटीएक्स चिपांना मिळाली, २०-मालिकेपासून. जुन्या मॉडेलवाल्यांच्या पदरात पडलेली ही फुकटची भेट दुकानात कुणी सांगत नाही.

ओटा केवढा आहे?

जीपीयूची स्वतःची मेमरी वेगळी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. ती स्वयंपाकघरातला ओटा आहे असं समजा. बाई कितीही झपझप काम करणारी असो, ओटा अरुंद असला की परात खाली, डबा खिडकीत, आणि दर मिनिटाला वाकून उचलणं. गेममध्ये हे वाकणं म्हणजे मध्येच बसणारे झटके, किंवा भिंती-झाडं धूसर दिसणं.

आज ४ जीबीचा ओटा नव्या मोठ्या गेमला पुरत नाही. ६ जीबीत सेटिंग खाली आणून भागतं. ८ जीबीत बहुतेक चालतं, पण सगळं ‘अल्ट्रा’वर ठेवलं की काही गेममध्ये तेही भरतं. फ्रेम जनरेशनलाही स्वतःची जागा लागते, म्हणजे ओट्यावर आणखी एक मिक्सर. ५०-मालिकेच्या लॅपटॉपमध्ये १२ जीबी हवे असतील तर थेट ५०७० टीआयपर्यंत चढावं लागतं. साधा ५०७० महाग असूनही ८ जीबीतच अडकलेला, म्हणून तो मी सहसा कुणाला सुचवत नाही. एक पायरी खाली उतरून पैसे वाचवा किंवा एक पायरी वर चढा.

आणि इथे ताईच्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर आहे. कॉलेजात ब्लेंडर, कॅड किंवा मशीन लर्निंगचे प्रयोग करायचे असतील तर तिथेही हाच ओटा लागतो. भावाने काढलेली मधली चित्रं तिथे कामाची नाहीत.

प्रोसेसर: नाव सोनूबाई

जीपीयूच्या नावात निदान काही शिस्त आहे. प्रोसेसरच्या नावांनी मात्र नुसता गोंधळ घातलाय.

इंटेलचा आय५-१२४५०एच घ्या. आठ कोअर, त्यातले चार ताकदीचे आणि चार किरकोळ कामाचे. पुढच्या वर्षीचा आय५-१३४२०एच घ्या. आठ कोअर, चार आणि चार. मग नवीन नावपद्धत आली, त्यातला कोअर ५ २१०एच घ्या. पुन्हा आठ, चार आणि चार. वेग किंचित वाढवलाय, पण घडण तीच. दुकानात मात्र ‘बारावी पिढी’, ‘तेरावी पिढी’ आणि ‘एकदम नवीन सिरीज’ अशी ओळख करून देतात.

दुसरी प्रोसेसर कंपनी एएमडीही काही कमी नाही. रायझन ७ ७७३५एचएस आणि रायझन ७ ७८४०एचएस ही सख्खी भावंडं वाटतात. पहिल्यातला तिसरा आकडा ३, म्हणजे आत जुनी झेन ३+ घडण. दुसऱ्यात ४, म्हणजे नवी झेन ४. म्हणजे पहिला हे आधीच्या पिढीचं भांडं, कल्हई करून आणलेलं. पुढे आलेला ८८४५एचएस हा जवळपास ७८४०एचएसच, एआयसाठीचा भाग थोडा वाढवून.

यातून घ्यायचं ते एवढंच, की प्रोसेसर नवा आहे म्हणून जास्त पैसे देण्याआधी कोअरची संख्या आणि घडण बघा. ४०६० किंवा ५०६०च्या पातळीवर आठ कोअरचा बऱ्यापैकी प्रोसेसर असला की मोठ्या गेममध्ये तो आड येत नाही.

जिथे खरे पैसे वाचवले जातात

स्वस्त ‘नव्या’ मॉडेलमध्ये काटछाट कुठे होते, हे मला आता पाठ झालंय. आधी स्क्रीन. चिठ्ठीवर १४४ हर्ट्‌झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतं. छान. पण रंगांचं काय? वैशिष्ट्यांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसलं तर समजा की रंग मेलेले आहेत. दुकानात मी फोनमधला एक लग्नातला फोटो उघडून बघते. हळदी-कुंकवाच्या ताटातलं कुंकू विटकरी दिसलं की लॅपटॉप परत. ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं असेल तर कुंकू कुंकवासारखं दिसतं. स्क्रीन नंतर बदलता येत नाही असं नाही, पण ती भानगड कुणी करत नाही.

मग रॅम. १६ जीबी लिहिलेलं असतं, पण ती ८-८च्या दोन स्टिक आहेत की १६ची एकच? दोन असतील तर प्रोसेसरला दोन रस्त्यांनी माल मिळतो, एक असेल तर एकाच. गेममध्ये हा फरक दिसतो, विशेषतः मध्येच येणाऱ्या झटक्यांत.

तिसरी गोष्ट म्हणजे मक्स स्विच. नाव विचित्र, काम सोपं. साधारणपणे जीपीयूने काढलेलं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सच्या हातून फिरून स्क्रीनवर जातं, बॅटरी वाचावी म्हणून. हा स्विच असेल तर ते थेट जातं. मागच्या वर्षीच्या मधल्या मॉडेलमध्ये तो असतो आणि यंदाच्या स्वस्त मॉडेलमधून गायब होतो, असं मी पाहिलंय.

आणि कूलिंग. मे महिन्यात अकोल्यात ४५ अंश म्हणजे बातमीसुद्धा नाही. लॅपटॉप आतली उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो, त्यामुळे खोली जितकी तापलेली तितका आतला पाराही वर. एसीतल्या २६ अंशांत चाचणी घेऊन बनवलेला व्हिडिओ आणि ३८ अंशांच्या खोलीतला लॅपटॉप यांत सुरुवातीलाच बारा अंशांचं अंतर असतं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने पातळ लॅपटॉपच्या मोहात पडू नये, हे माझं मत मी कुणी न विचारताही सांगते.

‘जुना घेतला तर लवकर बाद होईल ना?’

ताईची ही भीती रास्त आहे, पण आकडे धीर देतात. एनव्हिडियाची जीटीएक्स १०-मालिका २०१६ची. तिला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, २०२५च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहिले. नऊ वर्षं! सुरक्षेची दुरुस्ती तर त्यापुढेही चालू आहे. या हिशेबाने ४०-मालिकेचा लॅपटॉप ड्रायव्हरअभावी बाद होण्याआधी त्याची बॅटरी, बिजागरी आणि भाच्याचा संयम, तिन्ही संपतील.

फार जुनं मात्र नको. ‘डूम: द डार्क एजेस’सारखे २०२५चे गेम प्रकाशाचा हिशेब करणारं वेगळं हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. २०१९ची जीटीएक्स १६५० तिथेच गारद. कुणी ‘अगदी नवाकोरा, फक्त मॉडेल जुनं’ म्हणून १६५० गळ्यात मारत असेल तर हात जोडून बाहेर पडा.

‘वर्षभर खोक्यात पडलेला माल कशाला?’

खोक्यात चिप म्हातारी होत नाही. बॅटरी होते. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी हळूहळू क्षमता गमावते. म्हणून खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि साल बघा. ते छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. मग दुकानातच विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, आणि बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करायला सांगा. एक पान तयार होतं, त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. थोडा फरक ठीक. मोठी तूट दिसली तर दुसरा पीस मागा.

वॉरंटीचं असं, की ती बिलाच्या तारखेपासून धरली जायला हवी. पण कंपनीच्या संगणकात कधीकधी माल पाठवल्याची तारीख चढलेली असते. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून लगेच बघावं आणि चूक असेल तर बिल दाखवून त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावं. आणि ‘जुनं मॉडेल’ आणि ‘रिफर्बिश्ड’ यांत गल्लत नको. पहिलं न वापरलेलं, दुसरं वापरून परत आलेलं. भाव सारखाच सांगत असतील तर काहीतरी गडबड आहे.

‘मग थोडं थांबू का, अजून स्वस्त होईल?’

एरवी मी हो म्हटलं असतं. नवीन मॉडेल आलं की जुन्याचा भाव उतरतो, हा बाजाराचा जुना नियम. पण २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर चढले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागतेय की चिप बनवणाऱ्यांना तुमच्या-आमच्यासाठी बनवण्यात रस उरलेला नाही. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर २०२५च्या डिसेंबरात क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. कितीतरी जणांनी आपल्या जुन्या लॅपटॉपमध्ये टाकलेली रॅम याच नावाची होती.

याचा या निवडीशी थेट संबंध आहे. भाववाढीआधी बनून गोदामात पडलेला माल जुन्या भावाने मिळण्याची शक्यता जास्त, आणि नव्या मॉडेलमध्ये वाढलेली किंमत मुरलेली. त्यामुळे ‘आत्ता ८ घेऊ, नंतर वाढवू’ हा आपला आवडता बेत सध्या महागात पडतो. १६ असलेलाच घ्या.

करकपातीची वाटही बघू नका. २०२५च्या २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, मोठे टीव्ही आणि एसी २८वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८वर होते, तिथेच राहिले.

अकोल्यातल्या दुकानात

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने दुकानातून व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, "एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनल उघड, खाली डाव्या कोपऱ्यात सिस्टम इन्फर्मेशन आहे. त्यात मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर काय लिहिलंय?" जुन्यावर १४०. नव्यावर ७५. दुकानदार वाकून बघत म्हणाला, "हे असं पण दिसतं होय?" त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं.

मग कुंकवाचा फोटो. नव्यावर विटकरी. रॅम: जुन्यावर दोन स्टिक, नव्यावर एक. बॅटरीचा अहवाल जुन्यावर काढला, तूट नगण्य. नव्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या आणि त्या मी सांगितल्या: तो अर्धा किलोने हलका होता, आणि बॅटरीवर तासभर जास्त चालेल असं वाटत होतं. रोज बसने कॉलेजला जाऊन दिवसभर नोट्स काढणाऱ्या मुलाला मी कदाचित तोच घ्यायला लावला असता. भाचा होस्टेलवर राहणार होता, लॅपटॉप टेबलावरून हलणार नव्हता.

त्याने जुना घेतला. दुकानदाराने खोक्यातून चार्जर काढून काउंटरवर ठेवला तेव्हा धप्प आवाज आला. ताई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "हा चार्जर आहे? मला वाटलं वीट भेट देतायत."